फुकटाचे देणे

ज्याला कोणी पगार देत नाही, ज्याला कोणी नेमलेले नाही आणि ज्याने कोणाला तोंडी शब्दही दिलेला नाही, अशा माणसाला त्याच्या कामाचा जाब विचारण्याचा अधिकार कोणाला असतो काय? प्रश्न जुनाच आहे. सार्वजनिक कामात ज्यांनी म्हणून थोडेफार हात घातले आहेत, त्यांना तो केव्हा ना केव्हा टोचलेला असतो. मला तो २०२५च्या उन्हाळ्यात पुन्हा टोचला, आणि तो टोचण्याचे निमित्त मोठे चमत्कारिक होते.

आमच्या केडगावातला एक तरुण दिवसा कारखान्यात पाळी करतो आणि रात्री संगणकावर बसतो. 'डेबियन' नावाच्या एका मुक्त संगणक-प्रणालीतील एका लहानशा पॅकेजचा तो सांभाळकर्ता होता. एके दिवशी संध्याकाळी तो माझ्याकडे आला आणि मोबाइलवर आलेली तीन-चार पत्रे त्याने मला वाचून दाखवली. सारी परमुलखातून आलेली. कोणी विचारत होते, दोष केव्हा दुरुस्त होणार? कोणी बजावत होते, मुदत संपत आली. एकाने तर, जमत नसेल तर नाव कशाला लावून बसला आहात, असे स्वच्छ लिहिले होते. वाचून झाल्यावर तो म्हणाला, "काका, मला एक पैसा मिळत नाही. मी यांचं काही देणं लागतो का?"

मराठी भाषेची ही एक गंमत आहे. 'देणे' हे दान, आणि 'देणे' हेच कर्ज. वाण्याचेही देणे, आणि ईश्वराचेही देणेच. त्याच्या प्रश्नाला मी त्या संध्याकाळी उत्तर देऊ शकलो नाही. पुढे जे सुचले ते येथे लिहितो आहे.

प्रथम हे काम काय असते ते सांगितले पाहिजे, कारण बहुतेक वाचकांचा आणि त्याचा संबंध येत नाही. संगणकाला जे काम सांगायचे ते ज्या मजकुरात लिहितात, तो मजकूर एका माणसाने लिहून सर्वांसाठी खुला केला, एवढ्याने तो कोणाच्या उपयोगी पडत नाही. तो बांधावा लागतो. कशाबरोबर चालेल, कशाशी त्याचे जमणार नाही, हे त्यावर नोंदवावे लागते. आणि इतर हजारो गाठोड्यांबरोबर तो एकाच वेळी, एकाच प्रतीत बाहेर पडावा लागतो. या गाठोड्याला पॅकेज म्हणतात. डेबियन हा असल्या गाठोड्यांचा केवढा तरी मोठा मेळा आहे. इयान मर्डॉक या तरुणाने तो १९९३ साली सुरू केला. ९ ऑगस्ट २०२५ रोजी त्याची तेरावी आवृत्ती बाहेर पडली, तीत सुमारे ७० हजार पॅकेजे आहेत. ती बांधणाऱ्यांना डेबियन पगार देत नाही. काहींचे मालक त्यांना या कामासाठी वेळ देतात, एवढेच. बाकीचे आपापल्या घरी, आपापल्या रात्री खर्च करतात. आपली मराठीही त्यात आहे. फेब्रुवारी २००९मध्ये निघालेल्या पाचव्या आवृत्तीपासून ही प्रणाली संगणकावर बसवतानाचे प्रश्न मराठीत विचारले जाऊ लागले. ते भाषांतर कोणीतरी रात्री जागून केले असणार, आणि त्याबद्दल आपण कोणी कोणाचे आभार मानल्याचे मला स्मरत नाही.

या मंडळींची तारीख ठरवण्याची रीत पाहिली, की मला वारीची आठवण होते. ज्ञानोबांच्या पालखीत दिंड्यांना क्रमांक आहेत, काही रथापुढे, काही रथामागे. मुक्कामावर समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतो आणि सारे टाळ एकदम थांबतात. मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवीतच राहते. चोपदार त्या आवाजाच्या रोखाने जातो, तक्रार ऐकतो, तिचा निकाल लावतो, आणि मगच आरती होते. हजारो माणसांच्या जमावात एका दिंडीचे गाऱ्हाणे सर्वांना थांबवू शकते! हैबतबाबांनी या सोहळ्याला शिस्त लावली असे सांगतात. ज्याने कोणी ही तक्रारीची रीत बसवली त्याला समाजशास्त्राची मोठी जाण असली पाहिजे. डेबियनचेही तसेच आहे. पॅकेज आधी 'अस्थिर' विभागात येते. तेथे काही दिवस कोणाची गंभीर तक्रार आली नाही, म्हणजे ते 'चाचणी' विभागात सरकते. मग एका ठरलेल्या दिवसापासून टप्प्याटप्प्याने सारे गोठवत नेतात. तेराव्या आवृत्तीसाठी ही गोठवण १५ मार्च २०२५ला सुरू झाली. नवे काही आणू नका, जे आहे ते दुरुस्त करा, असा त्याचा अर्थ. ज्याच्यावर गंभीर दोषाची नोंद आहे आणि तो दूर होत नाही, ते पॅकेज यादीतून गळते.

एक फरक मात्र आहे. मुक्कामावरची आरती तक्रारीसाठी थांबते, पण आषाढी एकादशी कोणासाठी थांबत नाही. डेबियनची एकादशी पंचांगात नसते. तयार होईल तेव्हा निघेल, असे ते सांगत आले. या बाण्यापायी जुलै २००२ नंतरची आवृत्ती निघायला जून २००५ उजाडला. दरम्यान, ऑक्टोबर २००४मध्ये, याच सामग्रीवर उभी राहिलेली 'उबुंटू' नावाची दुसरी प्रणाली निघाली, आणि तिने दर सहा महिन्यांनी, एप्रिलात आणि ऑक्टोबरात, नवी आवृत्ती देण्याचा क्रम धरला. पण तिच्यामागे एका श्रीमंत माणसाचा पैसा आणि पगारी नोकर होते. पगारी माणसाला तारीख सांगता येते. बिनपगारी माणसाला कोणत्या तोंडाने सांगायची?

पैसे देऊन पाहावे, हाही प्रयोग करून झाला आहे. २००६ साली 'डंक-टँक' या नावाने काही मंडळींनी वर्गणी जमवली आणि आवृत्तीची तारीख सांभाळणाऱ्या दोघांना एकेक महिना पूर्णवेळ काम करता यावे म्हणून मानधन दिले. ठरलेली तारीख डिसेंबर २००६च्या आरंभीची होती. मोठा गहजब झाला. काही जणांनी एकत्र निवेदन काढून विरोध केला, आणि आपला उत्साह मावळल्याचे, काम कमी केल्याचे सांगितले. आवृत्ती निघाली ८ एप्रिल २००७ला. उशीर त्या दोघांच्या मानधनामुळेच झाला असे मी म्हणणार नाही. अशा कामांत उशिराला कारणे पुष्कळ असतात. पण नाराजी खरी होती, आणि तिला हलका मत्सर म्हणून झटकून टाकणे मला योग्य वाटत नाही. हरिनाम सप्ताहात आचाऱ्याला पैसे देतात आणि पंगतीत वाढणाऱ्या पोरांना देत नाहीत, याबद्दल कधी कोणी कुरकुर केलेली मी ऐकली नाही. पण वाढणाऱ्यांतल्याच दोघांना उद्या रोज दिला, तर उरलेली पोरे बादल्या खाली ठेवतील. त्यांना पैसे हवे असतात म्हणून नव्हे. आजवर ज्याला ती सेवा म्हणत होती, त्याची किंमत कोणीतरी चारचौघांत उच्चारली, म्हणून.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. डेबियनची एक घटना आहे, १९९८ची. तिच्या आरंभीच स्पष्ट म्हटले आहे की या घटनेने कोणावरही काम करण्याचे बंधन येत नाही. नको असलेले काम करू नये, मात्र या नियमांविरुद्ध आणि त्यांनुसार झालेल्या निर्णयांविरुद्ध काम करू नये. मला हे कलम फार आवडले. मुक्त माणसांच्या संस्थेने याहून अधिक काही मागू नये. माझ्या तरुण मित्राने हेच कलम माझ्यापुढे ढालीसारखे धरले होते. "त्यांच्याच घटनेत लिहिलंय, काका. मी बांधील नाही."

आपल्याकडे हीच ढाल निष्काम कर्माच्या नावाने वापरतात. मी फळाची अपेक्षा ठेवली नाही, तेव्हा माझ्याकडून कोणी फळाची अपेक्षा ठेवू नये! पण यात शब्दांची लबाडी आहे. फलत्याग हा करणाऱ्याने आपल्या वाट्याचा केलेला त्याग असतो. दुसऱ्याच्या वाट्याचे फळ टाकून द्यायला त्याला कोणी मुखत्यारपत्र दिलेले नसते. टिळकांनी 'गीतारहस्या'त लोकसंग्रहावर एवढा भर दिला, तो एरवी कशासाठी? फळाची इच्छा सुटली म्हणजे कामातली हयगय क्षम्य होते, असा अर्थ त्यांच्या कर्मयोगातून निघत नाही. उलट इच्छा सुटलेल्या माणसाने काम अधिक नेटके करावे, अशी त्यांची अपेक्षा आहे.

तरीही ते कलम खोटे ठरत नाही. काम न करण्याचा अधिकार त्या तरुणाला होताच. मग त्या पत्रांत त्याला टोचण्यासारखे काय होते?

येथे मला माझीच एक गोष्ट सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी मी एका लहानशा वाचनालयाचे काम पाहत असे. काम अर्थातच विनावेतन. पुढे प्रकृतीचे निमित्त झाले, आणि थोडा कंटाळाही आला. जाणे कमी झाले आणि मग थांबले. पण कपाटाची किल्ली माझ्या घरच्या खुंटीवरच राहिली. कोणी मागितली नाही, मी दिली नाही. मनात असे, की बरे वाटले म्हणजे जाऊच. सात महिन्यांनी कपाट उघडले तेव्हा खालच्या दोन फळ्यांना वाळवी लागली होती. त्या काळात मी कोणाचे काही वाईट केले नव्हते. मी काहीच केले नव्हते. पण माझे नाव फलकावर होते आणि किल्ली माझ्याकडे होती, म्हणून दुसऱ्या कोणी काही करण्याचा मार्गही बंद होता. काम न करणे आणि काम अडवणे यांच्यामध्ये घटनेने एक रेघ ओढली आहे. त्या रेघेवरच मी सात महिने बसून होतो.

मला वाटते, बिनपगारी माणसाचे देणे एवढेच असते. श्रमाचे देणे त्याच्यावर नाही, नावाचे आहे. पॅकेजवर आपले नाव घातले, तेव्हा 'मी हे करीन' असे वचन त्याने दिले नसेल, पण 'येथे कोणीतरी आहे' असे जगाला सांगितले आहे. ते खोटे झाले की ते सांगायचे. डेबियनच्या मंडळींनी यासाठी शब्दही नेमका काढला आहे. सोडून दिलेल्या पॅकेजला ते 'पोरके' म्हणतात, आणि दुसरा कोणी ते घेतो तेव्हा त्याने ते 'दत्तक' घेतले असे म्हणतात. पोरके जाहीर करणे तेथे कमीपणाचे मानीत नाहीत. गुपचूप बेपत्ता होणाऱ्यांचा शोध घेणारी तुकडी मात्र त्यांना ठेवावी लागली आहे, यावरून मनुष्यस्वभाव तेथेही आपल्यासारखाच आहे असे दिसते.

इतके लिहून मी थांबलो असतो, तर लेख सोपा झाला असता. परंतु २०२४च्या मार्चमधील एक घटना माझ्या या उत्तराच्या आड येते, आणि ती टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल.

'एक्स-झेड' नावाचे, मजकूर दाबून लहान करणारे एक साधन आहे. जगातल्या असंख्य संगणकांत ते असते. लासे कोलिन हा फिनलंडमधला एक गृहस्थ ते वर्षानुवर्षे जवळजवळ एकटा, विनामूल्य सांभाळत होता. २०२२मध्ये त्याच्याकडे तगादा सुरू झाला. कामे रेंगाळतात, जमत नसेल तर दुसऱ्याकडे द्या, अशी पत्रे अनोळखी नावांनी येऊ लागली. आपले मनःस्वास्थ्य ठीक नाही, आणि हे बिनपगारी छंदाचे काम आहे, असे त्याने उघडपणे लिहिले. तेवढ्यात 'जिया टॅन' नावाचा एक नम्र, कष्टाळू साहाय्यक पुढे आलाच होता. हळूहळू किल्ली त्याच्याकडे गेली. त्याने फेब्रुवारी आणि मार्च २०२४मध्ये ५.६.० आणि ५.६.१ या दोन आवृत्त्या काढल्या, आणि त्यांत दुसऱ्याच्या संगणकात शिरण्याची चोरवाट होती. आन्द्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या संगणकात प्रवेश करताना अर्ध्या सेकंदाचा उशीर जाणवला. त्या अर्ध्या सेकंदाचा त्याने पिच्छा पुरवला, आणि २९ मार्च २०२४ रोजी सारे उघड केले. डेबियनच्या अस्थिर आणि चाचणी विभागांत तो माल पोचला होता. स्थिर आवृत्तीत गेला नव्हता, एवढे दैव.

त्या लबाडीची रीत आमच्या भागातल्या माणसाला चटकन समजेल. केडगावजवळ नेप्तीच्या उपबाजारात कांदा गोणीतून येतो. वक्कल पुढे आला म्हणजे व्यापारी गोणी फोडून, कांदा हातात घेऊन बोली करतो, कारण गोणीच्या तोंडाशी एक आणि तळाशी दुसरे, हा प्रकार बाजाराइतकाच जुना आहे. एक्स-झेडच्या बाबतीत खुल्या ढिगात सर्वांना दिसणारा मजकूर आणि बांधून पाठवलेल्या गोणीतला मजकूर यांत फरक होता. चोरवाटेचा माल ढिगातच नमुन्याच्या धारिकांत दडवला होता. तो जागा करणारी ओळ मात्र फक्त गोणीत होती. ढीग सारे पाहतात, आणि गोणी कोण फोडतो? डेबियनमधील काही मंडळी कित्येक वर्षे एक मार्ग सांगत आहेत, की एकाच ढिगातून दोन माणसांनी वेगवेगळ्या ठिकाणी गोणी भरावी, आणि दोन्ही गोण्या अक्षरशः सारख्या निघाव्यात. बरेच काम झाले आहे, पुरे झालेले नाही.

आमच्या जिल्ह्याला ही काळजी नवी नाही. नेवाशाला शके १२१२, म्हणजे १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. त्यानंतरची तीनशे वर्षे ती हातोहात उतरत गेली. कोणी अनवधानाने चुकला, कोणाला न कळलेला शब्द त्याने सोपा केला, कोणी आपली ओवी घातली. पैठणच्या एकनाथांनी पोथ्या जमवून पाठ शुद्ध केला, तो शके १५०६मध्ये, १५८४ साली; आणि यापुढे कोणी आपली ओवी यात घालू नये, अशी कडक ताकीद शेवटी लिहून ठेवली. भाद्रपद वद्य षष्ठीला आपण ज्ञानेश्वरी जयंती करतो, ती या शोधित पोथीच्या पूर्ततेची तिथी आहे. ग्रंथ सांगणाऱ्याइतकाच तो नीट बांधून देणाऱ्याचाही हा मान आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते. आणि न कळलेला शब्द सोपा करणारा लेखनिक दुष्ट असतो असे नाही. २००६ साली डेबियनच्याच एका सांभाळकर्त्याने तपासणीच्या साधनाला खटकलेला एक भाग 'ओपनएसएसएल'मधून काढला. काढण्यापूर्वी मूळ मंडळींना विचारलेही होते, कोणी अडवले नाही. त्यामुळे गुप्त किल्ल्या बनवताना लागणारी अनिश्चितताच जवळजवळ संपली, आणि एका प्रकारच्या केवळ ३२,७६८ किल्ल्या संभवनीय उरल्या. हे मे २००८मध्ये उघड झाले. तोवर दोन वर्षे जगभर त्या किल्ल्या वापरात होत्या.

कोलिनकडे परत येतो. मी जे देणे म्हणून सांगितले, ते त्याने चुकते केले होते. थकलो आहे, असे त्याने सांगितले. किल्ली खुंटीवर न ठेवता होतकरू माणसाकडे दिली. आणि तो होतकरू माणूस भामटा निघाला. मग माझे उत्तर चुकले काय?

पुष्कळ विचार करूनही मला ते चुकले असे वाटत नाही. अपुरे मात्र होते. ती तगाद्याची पत्रे खोट्या नावांची होती असे आज बहुतेक जाणकार मानतात, आणि मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे, की ती खोटी आहेत हे कोणाच्या लक्षात आले नाही. कारण खरी पत्रे अगदी तशीच असतात! फुकट घेणाऱ्यांची अधीरता इतकी नित्याची झाली होती, की चोराला तिचा मुखवटा सहज चढवता आला. माझ्या मित्राला आलेली पत्रे आणि कोलिनला आलेली पत्रे शेजारी ठेवली, तर कोणती भल्याची आणि कोणती भामट्याची हे मला सांगता येणार नाही. देणाऱ्याचे देणे नावापुरते असेल, तर घेणाऱ्याचे देणे निदान एवढे असले पाहिजे, की थकलेल्या माणसाला किल्ली कोणाच्याही हाती टाकावीशी वाटावी असे त्याला वागवू नये. त्या असंख्य संगणकांच्या मालकांत मोठमोठ्या कंपन्या होत्या. त्यांच्यापैकी किती जणांनी, तुम्ही बरे आहात ना, असे त्याला विचारले असेल?

दुसरेही एक आहे. कोलिनने किल्ली दिली ती एका माणसाला, दोघांतल्या विश्वासावर. पोरके जाहीर करणे ही गोष्ट निराळी. तेथे किल्ली चारचौघांत ठेवायची असते. डेबियनमध्ये पोरक्या पॅकेजवर सांभाळकर्त्याच्या जागी एका सामाईक गटाचे नाव येते, आणि सभासद होऊ पाहणाऱ्या नवख्याची ओळख जुन्या सभासदांनी, शक्यतो समोरासमोर भेटून, पटवून द्यावी लागते. ही रीत कटकटीची आहे. तिनेही फसगत होणारच नाही असे नाही. पण फसलो तर सारे मिळून फसू. एका थकलेल्या माणसाच्या माथी ते येणार नाही.

मे महिन्याच्या अखेरीस मी हे सारे, इतके नीट नव्हे, त्या तरुणाला बोलून दाखवले. वाचनालयाची गोष्टही सांगितली. ती त्याला ठाऊक होती असे निघाले. गावात अशा गोष्टी ठाऊक असतात. त्याने वाद घातला नाही. दुसऱ्या आठवड्यात रात्रपाळीवरून आल्यावर त्याने चार ओळींचे पत्र लिहून पॅकेज पोरके जाहीर केले. तोवर उशीर झाला होता. दोष दूर न झाल्यामुळे ते चाचणी विभागातून गळले होते, आणि गोठवणीच्या नियमाप्रमाणे परत घेता येण्याची वेळ टळली होती. ऑगस्टमध्ये तेरावी आवृत्ती निघाली ती त्याच्या पॅकेजावाचून. त्या रात्री तो माझ्याकडे आला होता. यादीत आपले नाव नाही हे त्याने मला दाखवले, आणि चहा न घेता गेला.

गणपतीच्या सुमारास कोणा परदेशी गृहस्थाने ते दत्तक घेतले. त्याने याला एक पत्र लिहिले आहे. दोष कोठे आहे असे तुम्हाला वाटते, तेवढे सवडीने कळवाल का, असे त्यात विचारले आहे.